एकच सीट, तीन भाव: माइल्सच्या व्यवहारामागची गोष्ट

फ्रँकफर्टहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या लुफ्तान्साच्या विमानातली बिझनेस क्लासची एक सीट घ्या. ती माइल्सवर, म्हणजे विमान कंपन्या नेहमीच्या प्रवाशांना देतात त्या पॉइंट्सवर घेता येते. ती युनायटेडच्या माइल्सवर मिळू शकते, एअर कॅनडाच्या एरोप्लान पॉइंट्सवर मिळू शकते आणि लुफ्तान्साच्या स्वतःच्या माइल्स अँड मोअरमधूनही. विमान तेच, सीट तीच. पण माइल्स तिन्हीकडे वेगळे लागतात आणि वर भरायची रोख रक्कमही वेगळी. युनायटेड आणि एरोप्लान या तिकिटावर इंधनाच्या नावाचा सरचार्ज घेत नाहीत. माइल्स अँड मोअर मात्र आपल्याच विमानासाठी तो घेत आला आहे. हा फरक का पडतो, हे कळायला जवळजवळ पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

1978 पर्यंत अमेरिकेत देशांतर्गत विमानांचे मार्ग आणि भाडी सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड हे सरकारी मंडळ ठरवत असे. त्या वर्षी कायदा बदलला, भाडी खुली झाली आणि प्रवासी स्वस्त तिकिटामागे धावू लागले. ठरलेलं गिऱ्हाईक टिकवायचं कसं, हा प्रश्न कंपन्यांपुढे पहिल्यांदाच आला. अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या सेबर या आरक्षण यंत्रणेत पुन्हापुन्हा येणारे फोन नंबर शोधले आणि त्यावरून सतत उडणारी माणसं हेरली. त्यांच्यासाठी 1 मे 1981 रोजी एअॅडव्हान्टेज हा माइल्सचा कार्यक्रम सुरू झाला. युनायटेडने त्याच महिन्यात आपलं मायलेज प्लस आणलं. तेव्हाचा हिशेब सरळ होता: जितकं उडाल तितके मैल, आणि पुरेसे मैल जमले की एक प्रवास फुकट.

पण कुठलीही एक कंपनी सगळीकडे पोचत नाही. फुकट प्रवास लांबच्या देशातला हवा असेल तर दुसऱ्याच्या विमानात बसवणं आलं. सुरुवातीला हे दोन-दोन कंपन्यांच्या आपसातल्या करारांवर चालायचं. मग 14 मे 1997 रोजी एअर कॅनडा, लुफ्तान्सा, स्कँडिनेव्हियाची एसएएस, थाई एअरवेज आणि युनायटेड यांनी स्टार अलायन्स हा कंपन्यांचा संघ उभा केला. असाच दुसरा संघ वनवर्ल्ड 1999 मध्ये आला, तिसरा स्कायटीम 2000 मध्ये.

खरी मेख पुढे आहे. अलायन्स झालं तरी माइल्सचं चलन एक झालं नाही. युनायटेडचा सदस्य आपल्या माइल्सवर लुफ्तान्साच्या विमानात बसला की युनायटेड लुफ्तान्साला आपसात ठरलेली रक्कम देतं. हे दर गुप्त असतात. सीट सोडायची की नाही हे ज्या कंपनीचं विमान आहे ती ठरवते आणि सदस्याकडून किती माइल्स घ्यायचे हे तिकीट देणारी कंपनी. स्टारमध्ये भागीदारांसाठी सोडलेल्या सीटांचे ठरलेले वर्ग आहेत: इकॉनॉमीला एक्स, बिझनेसला आय, फर्स्टला ओ. सीट शोधताना ‘आय 2’ असं दिसलं तर बिझनेसच्या दोन सीटा आहेत. ‘आय 0’ दिसलं तर अर्धं केबिन रिकामं असलं तरी भागीदाराच्या सदस्याला काही मिळणार नाही. स्वतःच्या सदस्यांसाठी चांगल्या सीटा राखून ठेवायची पद्धतही जुनी आहे. लुफ्तान्साचा फर्स्ट क्लास भागीदारांना साधारणपणे उड्डाणाच्या शेवटच्या दोनेक आठवड्यांतच दिसत आला आहे, आणि सिंगापूर एअरलाइन्स लांब पल्ल्याच्या वरच्या केबिनच्या बाबतीत तर फारच हात आखडता घेते.

दुसरा मोठा बदल जमिनीवरून आला. 1987 मध्ये सिटीबँक आणि अमेरिकन एअरलाइन्सने मिळून क्रेडिट कार्ड काढलं आणि विमानात पाय न ठेवता माइल्स जमू लागले. बँका कंपन्यांकडून ते रोख पैसे मोजून विकत घेतात. हा धंदा इतका वाढला की 2020 मध्ये विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडने मायलेज प्लस तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले. माइल्स भरमसाट झाले, सीटा काही त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. मग कुठल्या प्रवासाला किती माइल्स हे सांगणारे ठरीव दरांचे तक्ते गेले: डेल्टाने 2015 मध्ये काढून टाकले, युनायटेडने 2019 मध्ये स्वतःच्या विमानांपुरते, अमेरिकनने 2023 मध्ये. अमेरिकनने भागीदारांसाठीचा तक्ता मात्र ठेवला. माझ्या मते याचं कारण त्या आपसातल्या करारातच आहे. स्वतःच्या सीटची किंमत रोजच्या भाड्याबरोबर हलवता येते; भागीदाराची सीट ठरलेल्या दराने पडते, म्हणून तिथे भाव स्थिर ठेवणं परवडतं. भागीदारांच्या तिकिटांत अजूनही राम आहे तो यामुळेच.

ब्रिटिश एअरवेजने 2011 मध्ये एव्हिऑस या नावाचे आपले पॉइंट्स आणले. त्यांत प्रत्येक उड्डाणाचं अंतर स्वतंत्र मोजलं जातं. म्हणून छोटं थेट उड्डाण स्वस्त पडतं आणि विमान बदलून केलेला प्रवास महाग. 2020 मध्ये नव्याने आलेल्या एरोप्लानने उलटी वाट धरली: एकूण अंतराचे टप्पे, आणि वाटेत मुक्काम हवा असेल तर 5,000 पॉइंट्स जादा. एकाला थेट विमानाने जायचं असतं, दुसऱ्याला दोन ठिकाणं जोडायची असतात. त्यामुळे ‘सगळ्यात चांगला कार्यक्रम कोणता’ असं नुसतं विचारण्यात मला अर्थ वाटत नाही. कुठून, कुठे, कोणाच्या विमानाने, हे आधी.

शिवाय करार मोडतातही. स्टारच्या संस्थापकांपैकी असलेली एसएएस 1 सप्टेंबर 2024 रोजी स्कायटीममध्ये गेली. युरोबोनस या तिच्या कार्यक्रमाच्या सदस्यांचे पॉइंट्स खात्यात जसेच्या तसे होते. पण स्टारचं जाळं त्यांच्यासाठी मिटलं आणि एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टाचं उघडलं.