कोपितियामच्या टेबलावर एवढे पदार्थ आले कुठून?

मलेशियातल्या जुन्या कोपितियाममध्ये, म्हणजे चिनी कॉफीघरात, सकाळी एकाच टेबलावर काया टोस्ट, केळीच्या पानात बांधलेला नासी लमाक (नारळाच्या दुधात शिजवलेला भात) आणि वान्तान नूडल्स सहज दिसतात. प्रत्येकासमोर काळीभोर दाट कॉफी असतेच. हा बहुरंगी नाश्ता कोणी ठरवून मांडलेला नाही. उशिरा आलेल्या एका समाजाची गरज आणि दुकान चालवण्याची एक सोयीची रीत, यांतून तो घडला.

तो समाज हैनानी. दक्षिण चीनमधल्या हैनान बेटावरची माणसं मलायात, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या मलेशियात, मोठ्या संख्येने आली तेव्हा इतर चिनी समाजांपैकी होक्कियन व्यापारात, तर हाक्का आणि कँटोनी कथलाच्या खाणींत आधीच जम बसवून होते. हैनानींच्या वाट्याला आली स्वयंपाक्याची नोकरी: इंग्रज साहेबांचे बंगले, पेरानाकान, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथे स्थायिक झालेल्या चिनी लोकांची, श्रीमंत घरं, हॉटेलं, जहाजांवरचे भटारखाने. पाव, लोणी, कॉफी हे सगळं त्यांच्या हाताला लागलं ते तिथे. काहींनी लवकरच स्वतःचं दुकान थाटलं. क्वालालंपूरचं यूत की १९२८ सालचं. पुढे जागतिक मंदीत रबराचे भाव कोसळले, दुकानांच्या जागा स्वस्त झाल्या आणि आणखी बऱ्याच हैनानींना ही संधी मिळाली. तिथली संगमरवरी टेबलं आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या पाहून आपल्याला मुंबईचा इराणी आठवल्याशिवाय राहत नाही.

साहेबाच्या टोस्टवर जॅम असे. इथे आला काया. अंडी, नारळाचं दूध, साखर आणि पांडानची सुगंधी पानं मंद आचेवर आटवून तो करतात. सोबत सोया सॉस आणि पांढरी मिरी घातलेली अर्धी कच्ची अंडी. कॉफीच्या बिया साखर आणि मार्गारिन घालून काळ्या होईपर्यंत भाजतात, मग कॉफी कापडी गाळणीतून गाळतात. उष्ण हवेत ताजं दूध टिकत नसे, म्हणून डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क आलं आणि कायमचं राहिलं. कडू कॉफी, गोड काया, खारट लोणी: ही जोडी मला जगातल्या उत्तम न्याहाऱ्यांपैकी वाटते. कथलावर वाढलेल्या इपोहमध्ये साखर न घालता, नुसत्या मार्गारिनमध्ये बिया भाजून सौम्य ‘व्हाइट कॉफी’ निघाली.

बाकीचे पदार्थ आले ते जागेच्या भाड्यामुळे. मालक पेयं स्वतःकडे ठेवतो आणि दुकानातले कोपरे वेगवेगळ्या गाडीवाल्यांना देतो. कोणी चार क्वे त्याव, म्हणजे तांदळाच्या रुंद नूडल्स, परततो, कोणी लाक्सा, म्हणजे मसालेदार रश्शातल्या नूडल्स, विकतो. मलय घरांतून बांधून आलेला नासी लमाक काही ठिकाणी टेबलावरच रचलेला असतो. गिऱ्हाईक कुठूनही खाणं घेतं, कॉफी मात्र मालकाची. त्यामुळे नासी लमाकवरच्या तिखट साम्बालबरोबर, म्हणजे मिरचीच्या चटणीबरोबर, गोड दुधाळ कोपी ही जोडी रोजची झाली.

पण सगळेच एका टेबलावर बसत होते, असं म्हणणं खोटं ठरेल. अनेक चिनी दुकानांत डुकराचं मांस असल्याने मुस्लिम गिऱ्हाईक तिथे जात नसे. तमिळ मुस्लिमांची मामक दुकानं वेगळी वाढली, पदर सुटलेली रोटी चनाई आणि उंचावरून ओतून फेसाळलेला दुधाचा चहा, तेह तारिक, घेऊन. इपोहच्या ओल्डटाउनसारख्या साखळ्यांनी अलीकडे हलाल कोपितियाम काढून ही भिंत बरीच खाली आणली.

जुन्या दुकानांना मोठा फटका बसला तो भाडे नियंत्रण कायदा रद्द झाल्याचा. २००० सालापासून पिनांगच्या जॉर्ज टाउनसारख्या भागांत भाडी भडकली, कित्येक कुटुंबांना गाशा गुंडाळावा लागला. २०२४ मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या बहुवांशिक न्याहारी संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. नासी लमाक, रोटी चनाई आणि तेह तारिक यांची नावं त्यात आहेत. हा मान रास्तच आहे, पण ज्या दुकानांत ही न्याहारी रुजली त्यांच्या भाड्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.