कोलोसल स्क्विड: १०० वर्षं मुख्यतः व्हेलच्या पोटातूनच भेटलेला प्राणी

एप्रिल २०२५ मधे एक व्हिडिओ सगळीकडे फिरला, काचेसारखं आरपार दिसणारं जेमतेम ३० सेंटिमीटरचं कोलोसल स्क्विडचं (म्हाकुलाच्या जातीचा अवाढव्य प्राणी) पिल्लू, आणि बऱ्याच जणांना वाटलं ह्यात एवढं काय विशेष. विशेष हे की ह्या प्राण्याला त्याच्या घरी, खोल पाण्यात, जिवंत बघायची माणसाची ती पहिलीच वेळ होती.

सुरुवात झाली १९२४-२५ च्या हिवाळ्यात. फॉकलंड बेटांजवळ एका स्पर्म व्हेलच्या पोटात दोन स्क्विडचे फक्त हात मिळाले, बाकी सगळं पचून गेलेलं. गाय रॉब्सन ह्या ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञाने तेवढ्यावरून १९२५ मधे नवीन प्रजाती जाहीर केली, मेसोनिकोट्युथिस हॅमिल्टोनी. पहिल्या शब्दाचा अर्थच 'मधे नखं असलेला स्क्विड'. आपण कोकणात म्हाकूल साफ करतो तेव्हा हाताला वाटीसारखे चूषक लागतात, ह्याच्या आठही हातांवर मात्र मधल्या भागात चूषकांऐवजी अणकुचीदार आकडे असतात, आणि शिकार पकडायच्या दोन लांब सोंडांवरचे आकडे तर चक्क गोल फिरतात. जायंट स्क्विडकडे हे आकडे नाहीत, तो लांबीला जास्त भरतो पण वजनात ह्याच्यापुढे काहीच नाही. लोक अजूनही दोघांना एकच समजतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

पुढची कित्येक वर्षं माहिती मिळाली ती मुख्यतः व्हेलच्या पोटात सापडलेल्या स्क्विडच्या चोचींवरून (स्क्विडच्या तोंडाचा कठीण भाग), कारण चोच पचत नाही. १९८१ मधे एका सोव्हिएत ट्रॉलरला (मासेमारी बोटीला) अंटार्क्टिकाजवळ एक अख्खी मादी मिळाली, २००३ मधे अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात अजून एक, आणि तेव्हा स्क्विडचे अभ्यासक स्टीव्ह ओशे ह्यांनी 'कोलोसल' हे नाव रूढ केलं.

मग फेब्रुवारी २००७. न्यूझीलंडची सॅन अॅस्पायरिंग ही बोट रॉस समुद्रात टूथफिश पकडत होती आणि गळाला लागलेल्या माशाला धरूनच ही वर आली, तब्बल ४९५ किलोची मादी! गोठवून वेलिंग्टनच्या ते पापा म्युझियममधे नेली, २००८ मधे मिठाच्या पाण्यात हळूहळू वितळवली. डोळा भरला सुमारे २७ सेंटिमीटर, म्हणजे फुटबॉलपेक्षाही मोठा. मेंदू गोल कड्यासारखा आणि अन्ननलिका त्याच्या मधून जाते, म्हणजे एवढं अवाढव्य जनावर पण घास बारीकच करून गिळावा लागतो.

आणि ते पिल्लू? ९ मार्च २०२५, दक्षिण अटलांटिकमधल्या साऊथ सँडविच बेटांजवळ ६०० मीटर खोल, श्मिट ओशन इन्स्टिट्यूट ह्या समुद्र-संशोधन संस्थेच्या सुबास्टियन रोबोटच्या कॅमेऱ्यात दिसलं. दिसायला आरपार दिसणाऱ्या इतर स्क्विड भाऊबंदांसारखंच, ओळख पटली ती हातांच्या मधल्या आकड्यांवरून, ज्यांवरून रॉब्सनने नाव ठेवलं होतं त्याच.