ब्रेकमागचे अडीच क्विंटल

माझ्या भाच्यानं मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक जुनी दोन दरवाज्यांची स्पोर्ट्स गाडी आणली, लाल, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, आणि परतवाड्याकडच्या आमच्या गावात ती उभी राहिली की शाळेतली पोरं भोवती जमायची. गाडी पळायला जबरदस्त पण ब्रेकचं काहीतरी बिनसलेलं होतं, सकाळी एकदम ठीक, अन ऊन तापून तासभर गाडी चालली की पहिला ब्रेक लागायचा आणि लगेच दुसरा मारला की पायडल खालीच जायचा नाही. "मामा, ब्रेक दबूनच नाई राह्यला, पायाखाली गोटा ठेवल्यावानी वाट्टे," असं तो चिखलदऱ्याचा घाट उतरून आल्यावर म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि माझ्याही पोटात गोळा आला.

तोपर्यंत एका गॅरेजवाल्यानं पॅड बदलून दिले होते, दुसऱ्यानं ब्रेक ऑईल बदललं, तिसऱ्यानं सांगितलं की पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर गेला, नवीन टाका. सगळ्यांनी गाडीचे पार्ट पाहिले, हवा कोणी पाहिली नाही. आणि पॉवर ब्रेकमधली पॉवर तर हवेचीच असते.

हे समजायला आपली विहीर आठवा. काठावर ठेवलेली मोटर सात-आठ मीटरच्या खालून पाणी घेत नाही हे संत्र्याला पाणी देणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, पातळी उतरली की मोटर विहिरीत खाली न्यावी लागते. याचं कारण असं की मोटर पाणी ओढतच नाही, ती पाईपातला दाब कमी करते अन विहिरीच्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते, आणि त्या हवेची सगळी ताकद हिशोबानं १० मीटरपेक्षा थोडं जास्त पाणी उचलण्याएवढीच आहे. दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो.

पेट्रोल गाडीत मोटरचं हे काम इंजिन करतं. तुम्ही एक्सीलरेटरवरून पाय काढला की हवा आत घेणारी झडप जवळजवळ बंद होते, पिस्टन मात्र हवा ओढतच असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, दाब खूप कमी होतो. तिथून अंगठ्याएवढा जाड पाईप निघतो तो बूस्टरला जातो, म्हणजे ब्रेक पायडलच्या पुढे इंजिनाच्या बाजूला असलेला तो काळा, ताटाएवढा गोल डबा. डब्यात मधोमध रबरी पडदा असतो. पायडल मोकळा असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना दाब कमीच असतो. तुम्ही पाय ठेवला की एक छोटी झडप तुमच्या बाजूनं बाहेरची हवा आत सोडते, पुढच्या बाजूला दाब कमीच राहतो, अन हवा पडद्याला पुढे रेटते.

किती रेटते? पडदा ९ इंच व्यासाचा धरा, क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटीमीटर. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेवढा कमी ती इंजिनाची ओढ, अन ती पाऱ्याच्या इंचांत मोजतात. गाडी उभी अन इंजिन नुसतं चालू, म्हणजे आयडलिंगला, चांगल्या इंजिनची ओढ १८ इंचाच्या आसपास असते, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ०.६२ किलो. गुणाकार केला की येतात जवळपास अडीच क्विंटल! पूर्ण दाबलेल्या ब्रेकला एवढी मदत मिळू शकते, आणि ती मिळाली नाही तर पाय एकटाच. ब्रेक लागतो तेव्हाही, पण दोन्ही पायांनी उभं राहिल्यासारखं दाबावं लागतं.

ही युक्ती बेल्जियमच्या आल्बेर द्वांद्र या इंजिनीअरची, आणि १९२७ मध्ये बॉश कंपनीनं तिच्यावर चालणारा ब्रेक बाजारात आणला. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारा ड्रमच त्याला घासणाऱ्या शूला आत ओढून घ्यायचा म्हणून मदतीशिवाय चालून जायचं, पॅडच्या चिमट्यात धरल्या जाणाऱ्या डिस्कला तशी सोय नाही, तिला दाब जास्त लागतो. म्हणून स्पोर्ट्स गाड्यांना डिस्क आल्या अन बूस्टरची गरज वाढली.

आता तपासणी. पायडल मऊ, स्पंजासारखा लागत असेल तर लाईनमध्ये हवा शिरली आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर ब्रेक ऑईलला दाब देणारा मास्टर सिलेंडर पहा. पण पायडल कडक आणि गाडी थांबत नाही, तर पहिला संशय बूस्टरवर नाही, बूस्टरपर्यंत येणाऱ्या रस्त्यावर घ्या. सपाट जागेवर गाडी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. इंजिन बंद ठेवून पायडल पाच-सहा वेळा दाबा, साठलेली ओढ संपते अन पायडल कडक होतो. आता पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पायडल पायाखालून थोडा खाली सरकला तर मदत येतेय, हललाच नाही तर येत नाहीये. मग इंजिन बंद करा, पाचेक मिनिटं थांबा आणि ब्रेक दाबा, पहिले दोनेक दाब मऊ जायला पाहिजेत. नाही गेले तर ओढ कुठूनतरी सुटतेय, आणि तिथं मी आधी पाईपावरचा चेक व्हॉल्व्ह पाहतो. हा म्हणजे विहिरीतला फुटव्हॉल्व्हच, मोटर बंद झाल्यावर पाईपातलं पाणी धरून ठेवतो तसा हा इंजिन बंद झाल्यावर डब्यातली ओढ धरून ठेवतो. काढून इंजिनाच्या बाजूनं फुंकर मारा, हवा पलीकडे गेली तर तो गेलेला आहे.

पडदा फाटला असेल तर ब्रेक दाबताच पायाजवळ सतत फुस्स आवाज येतो अन आयडलिंग बिघडतं. आणखी एक फसवी गोष्ट, मास्टर सिलेंडरचं मागचं सील गळलं तर ब्रेक ऑईल बूस्टरमध्ये उतरतं, तिथून इंजिन ते पिऊन टाकतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही.

आमची गाडी ही टेस्ट सकाळी पास झाली. मग मी भाच्याला म्हटलं, बापू, आता दुपारी करू, रोग दुपारचा आहे तर सकाळी सापडणार कसा. मे महिना, ४४ डिग्री, गाडी तासभर फिरवून आणली अन बोनेट उघडून इंजिन चालूच ठेवलं. बूस्टरचा पाईप चपटा झालेला होता, मधोमध बसलेला, शेतात पाण्यासाठी अंथरायचा लपेटा पाईप रिकामा झाल्यावर बसतो तसा! हात लावला तर मऊ. आधी कुणीतरी तिथं फवारणी पंपाचा पाईप कापून बसवला होता. तो पाईप आतून येणारा दाब सोसायला केलेला असतो, बाहेरून पडणारा नाही, म्हणूनच विहिरीत सक्शनला कोणी लपेटा लावत नाही. थंड असताना तो तग धरायचा, तापला की मिटायचा, आणि एक ब्रेक मारल्यावर डब्यातली ओढ पुन्हा भरायला वेळ लागायचा.

घाटानं त्यात भर घातली. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच, वर हवाच पातळ, दर हजार फुटांना पाऱ्याची साधारण १ इंच ओढ कमी होते. निव्वळ तेवढ्यानं ब्रेक जात नाही. पण पोरानं पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती, आमच्याकडे लय लोक करतात हे, अन मला याचा खरंच राग येतो. इंजिन बंद म्हणजे डब्यात नवीन ओढ येणं बंद, दोन-तीन ब्रेक मारले की संपली. तेच खालच्या गिअरमध्ये एक्सीलरेटर सोडून उतरलात तर झडप बंद आणि इंजिन जोरात फिरतंय, म्हणजे ओढ आयडलिंगपेक्षाही जास्त मिळते, शिवाय इंजिन स्वतः गाडी धरतं ते वेगळंच.

अमरावतीहून ब्रेक बूस्टरसाठीचाच, आत कापडाचा थर असलेला जाड रबरी पाईप आणला, दोन नवीन क्लिपा लावल्या. पुढच्या रविवारी ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज जोडून पुन्हा वर गेलो. गावात काटा १८ वर होता, चिखलदऱ्याला साडेपंधरावर. भर दुपारी तिथल्या सपाटीवर भाच्यानं ब्रेक दाबून धरला, इंजिन चालू केलं, आणि म्हणाला, "मामा, गेला पाहा खाली."