परिचारिकेचे उत्तरदायित्व : आज्ञापालनापासून रुग्णाच्या हक्कापर्यंत

प्रौढ रुग्णाची संमती आहे याची खात्री करणे, औषध देण्यापूर्वी पडताळणी करणे, प्रकृती ढासळू लागली तर वेळेत वरिष्ठांना कळवणे आणि या सगळ्याची लेखी नोंद ठेवणे ही आज परिचारिकेची कायदेशीर व नैतिक जबाबदारी मानली जाते. मात्र ज्या काळात हा व्यवसाय उभा राहिला, त्या काळात तिच्याकडून मुख्य अपेक्षा होती ती डॉक्टरांच्या आज्ञेत राहण्याची.

सुरक्षेचा विचार सुरुवातीपासून होता, हे खरे. क्रिमियन युद्धातील लष्करी रुग्णालयांचा अनुभव घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1863 मध्ये रुग्णालयांविषयी लिहिताना, रुग्णालयाने रुग्णाला अपाय करू नये ही पहिली अट असल्याचे स्पष्ट म्हटले होते. परंतु 1893 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट येथे तयार झालेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या शपथेत परिचारिका डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन देत असे. न्यूझीलंडने 1901 मध्ये आणि ब्रिटनने 1919 मध्ये परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा केला. नोंदणीमुळे पात्रता ठरली आणि गैरवर्तनाबद्दल नाव काढून टाकण्याची सोय झाली. तरीही डॉक्टरांचा निर्णय रुग्णाच्या इच्छेविरुद्ध जात असेल तर परिचारिकेने काय करावे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

तो प्रश्न न्यूयॉर्कच्या न्यायालयासमोर 1914 मध्ये आला. एका महिलेने भूल देऊन तपासणी करण्यास होकार दिला होता, शस्त्रक्रियेला मात्र ठाम नकार दिला होता, आणि तरीही ती बेशुद्ध असताना तिची गाठ काढण्यात आली. सज्ञान आणि सुदृढ मनाच्या प्रत्येक माणसाला आपल्या शरीराचे काय करायचे हे ठरवण्याचा हक्क आहे, हे न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांचे विधान याच निकालातले असून संमतीच्या कायद्याचा पाया म्हणून ते जगभर उद्धृत होते. त्याच निकालाचा दुसरा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. आपल्याला शस्त्रक्रिया नको आहे, हे त्या महिलेने रात्रपाळीच्या परिचारिकेला सांगितले होते. ही गोष्ट रुग्णालयाच्या अधीक्षकांपर्यंत पोहोचवणे परिचारिकेचे कर्तव्य होते का, यावर न्यायालयाचे उत्तर नकारार्थी होते. नामांकित शल्यविशारद रुग्णाची इच्छा डावलतील अशी शंका तिने घ्यावी, ही अपेक्षाच न्यायालयाला वाजवी वाटली नाही. रुग्णाचा हक्क मान्य झाला, पण त्याचे रक्षण करण्याचे कर्तव्य रुग्णाच्या सर्वांत जवळ असलेल्या व्यक्तीवर आले नाही. मला हा त्या निकालातील सर्वांत दुःखद भाग वाटतो.

आज्ञापालनाचे भीषण टोक दुसऱ्या महायुद्धात दिसले. जर्मनीतील हाडामार येथील मनोरुग्णांच्या संस्थेत चारशेहून अधिक पोलिश व सोव्हिएत सक्तमजुरांना औषधांच्या घातक मात्रा देऊन मारण्यात आले. 1945 मध्ये अमेरिकी लष्करी न्यायाधिकरणासमोर चाललेल्या खटल्यात आरोपींमध्ये परिचारक-परिचारिकाही होत्या आणि वरून हुकूम होता हा बचाव त्यांना वाचवू शकला नाही. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या 1953 च्या पहिल्या आचारसंहितेत डॉक्टरांच्या सूचना निष्ठेने पाळण्याचे बंधन कायम राहिले, मात्र अनैतिक कृत्यात सहभागी होण्यास नकार देण्याचे बंधनही त्याच वाक्यात घातले गेले. परिचारिकेची पहिली जबाबदारी शुश्रूषेची गरज असलेल्या माणसांप्रती आहे, असे निःसंदिग्ध शब्दांत म्हणायला 1973 ची सुधारणा उजाडावी लागली.

कायदा तिथवर थोडा आधीच पोहोचला होता. इलिनॉय राज्यात 1960 मध्ये फुटबॉल खेळताना पाय मोडलेल्या 18 वर्षांच्या तरुणाला प्लास्टर घातल्यानंतर त्याची बोटे सुजली, काळवंडली, पुढे थंड आणि बधिर झाली. अखेर गुडघ्याखाली पाय कापावा लागला. 1965 च्या निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरणारा ज्यूरीचा निर्णय कायम ठेवला. परिचारिकांनी पायातील रक्ताभिसरण पुरेशा वेळा तपासले नाही, आणि डॉक्टर दखल घेत नसतील तर ती बाब रुग्णालयाच्या प्रशासनाकडे नेणे त्यांचे कर्तव्य होते, असा निष्कर्ष ज्यूरी काढू शकत होती, असे न्यायालयाने म्हटले. 1914 मध्ये जे कर्तव्य मानण्यास न्यायालय तयार नव्हते, ते अर्ध्या शतकानंतर मान्य झाले.

यानंतर भर व्यक्तीकडून व्यवस्थेकडे सरकला. वैद्यकीय चुकांमुळे अमेरिकेतील रुग्णालयांत दरवर्षी 44,000 ते 98,000 मृत्यू होत असावेत, असा अंदाज 1999 मध्ये तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने मांडला आणि बहुतेक चुकांचे मूळ सदोष कार्यपद्धतीत असते, असेही सांगितले. इंग्लंडमधील स्टॅफर्ड रुग्णालयात प्रौढ, विशेषतः वृद्ध रुग्णांची झालेली हेळसांड 2013 च्या फ्रान्सिस चौकशी अहवालात मांडली गेली. अपुऱ्या मनुष्यबळाबरोबरच तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्यांवरील दबावही त्यातून समोर आला. पुढच्याच वर्षी, उपचारात गंभीर हानी झाल्यास ती रुग्णाला मोकळेपणाने सांगण्याचे बंधन कायद्याने संस्थांवर आले.

तरी व्यक्तीचा दोष कुठे संपतो आणि संस्थेचा कुठे सुरू होतो, याबद्दल एकमत नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात 2017 मध्ये शामक औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारे औषध दिले गेल्याने एका रुग्णाचा मृत्यू झाला. परिचारिकेने चूक स्वतःहून कळवली होती. 2022 मध्ये तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवून तीन वर्षांच्या परिवीक्षेची, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची, शिक्षा देण्यात आली. कुलूपबंद औषधयंत्रातून औषध काढताना तिने यंत्राने दिलेले इशारे ओलांडले, हे सरकारी पक्षाचे म्हणणे होते, तर असे इशारे ओलांडणे तिथे रोजचेच झाले होते, असे बचाव पक्षाने सांगितले. अशा खटल्यांमुळे चुका लपवण्याकडे कल वाढेल, अशी भीती अमेरिकेतील परिचारिकांच्या संघटनांनी तेव्हा जाहीरपणे व्यक्त केली.