जागा अंधारी म्हणजे आकाश अंधारं नव्हे

"जागा एकदम काळोखी आहे, आसपास एकही दिवा नाही, मग आकाशगंगा का दिसत नाही?" आकाशदर्शनाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. सोबत ठरलेला निष्कर्षही येतो: डोळे कमजोर असतील, हवा खराब असेल, नाहीतर आणखी मोठी दुर्बीण लागेल. खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं. जागा अंधारी होती, आकाश अंधारं नव्हतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणं वेगळी आहेत आणि उपाय तर पूर्णच वेगळे.

अंधारी जागा सगळ्यांना कळते, म्हणून ती थोडक्यात उरकू. समोर दिवा नसला की बुबुळाची बाहुली मोठी होते आणि रंग ओळखणाऱ्या शंकू पेशींकडून काम दंडपेशींकडे जातं. शंकू पेशी पाच-दहा मिनिटांत सरावतात. दंडपेशींना २० ते ३० मिनिटं लागतात, आणि पूर्ण सरावायला त्याहूनही जास्त. मध्येच कुणी गाडीचा दरवाजा उघडला आणि आतला दिवा लागला, की ही सगळी कमाई काही सेकंदांत बुडते. म्हणजे अंधारी जागा हा तुमच्या डोळ्यांचा प्रश्न आहे: दिव्यातून निघालेला उजेड सरळ डोळ्यांत येतो की नाही, एवढाच. तो आडोशाने सुटतो. भिंत, झाड, गाडी, डोक्यावरून घेतलेलं काळं कापड, काहीही चालतं.

अंधारं आकाश हा डोळ्यांचा प्रश्नच नाही, तो हवेचा आहे. शहराचा उजेड वर जातो, हवेतले रेणू, धूळ आणि बाष्प यांच्यावर आदळून विखुरतो आणि त्यातला काही पुन्हा खाली येतो. तुमच्या डोक्यावरची हवाच अंधूक चमकू लागते. याला स्कायग्लो म्हणतात. ही चमक तुम्ही आणि तारे यांच्या मधोमध असते, त्यामुळे तिला आडोसा नसतो. दिवा झाडामागे लपवता येतो, डोक्यावरचं आकाश कशामागे लपवणार?

सगळा घोटाळा होतो तो इथे. दिव्यापासून दूर गेलं की दिवा दिसेनासा होतो. एखादी टेकडी ओलांडली की संपला. स्कायग्लो टेकडी ओलांडून तुमच्याबरोबर येतो आणि अंतराने कमी होतो तोही आपल्या अंदाजापेक्षा खूप हळू. १९७० च्या दशकात मर्ल वॉकर या खगोलशास्त्रज्ञाने मोजमापं घेऊन यासाठी एक कामचलाऊ सूत्र काढलं. शहराची लोकसंख्या घ्या, तिला किलोमीटरमधल्या अंतराच्या अडीचाव्या घाताने भागा आणि ०.०१ ने गुणा. उत्तर म्हणजे शहराच्या दिशेला, क्षितिज आणि डोकं यांच्या मध्यावर, नैसर्गिक आकाशात किती पट उजेडाची भर पडली ते. दहा लाखांचं शहर धरून आकडे घालून बघा. २५ किलोमीटरवर उत्तर येतं ३.२, म्हणजे आकाश नैसर्गिकपेक्षा चौपटीहून जास्त उजळ. ५० किलोमीटरवर ०.५७, म्हणजे निम्म्याहून जास्त भर. १०० किलोमीटरवर ०.१, म्हणजे शंभर किलोमीटर लांब जाऊनही दहा टक्के. सूत्र जुन्या दिव्यांच्या काळातलं आहे, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ समजू नका. प्रमाण मात्र लक्षात ठेवा: अंतर दुप्पट केलं की शहराची भर साधारण साडेपाच पटीने घटते. शहराबाहेरचं पंधरा किलोमीटरवरचं पहिलं काळोखं शेत गाठून "लांब आलो" म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही.

आता गंमत बघा. अशा शेतावर चंद्र नसताना टॉर्चशिवाय पाऊलवाट दिसते, बरोबरच्या माणसाच्या हातातली बाटली दिसते, आणि लोक खूश होतात की डोळे छान सरावले. ते डोळ्यांचं कौतुक नाही, तो उजेड आकाशातून सांडतोय. अमेरिकन निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या अंधाराची १ ते ९ अशी श्रेणी मांडली. तीत पहिल्या वर्गाच्या आकाशाखाली बरोबरची माणसं आणि सामान जवळजवळ दिसतच नाही, आणि सहाव्यात आजूबाजूच्या वस्तू सहज दिसतात. म्हणजे खाली जितकं जास्त दिसेल, तितकं वर कमी. शिवाय उजळ आकाशाखाली डोळे पूर्ण सरावतही नाहीत, कारण दिवा नसला तरी आकाशच त्यांना सरावू देत नाही.

यंत्राशिवाय करता येणारी सर्वांत भरवशाची परीक्षा ढगांची. ढगाचा एखादा तुकडा येऊ द्या. तो आजूबाजूच्या आकाशापेक्षा उजळ, पांढुरका किंवा नारिंगी दिसला तर खालून त्याच्यावर उजेड पडतोय, आकाश प्रदूषित आहे. खऱ्या अंधाऱ्या आकाशात ढग काळा असतो. ताऱ्यांमध्ये भोक पडल्यासारखा. ढग मुद्दाम हवे असण्याची ही एकमेव वेळ. झाडांकडे बघूनही कळतं. अंधाऱ्या आकाशाखाली झाडाची कड ताऱ्यांना कापत गेलेली दिसते, पण झाडात फांद्या आहेत की पानं, ते सांगता येत नाही.

ज्या परीक्षेचा मनापासून कंटाळा आलाय ती कृत्तिकांची. "सहा तारे मोजले, आकाश मस्त आहे!" प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप: आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक. कृत्तिकांमधला तेजात सहावा तारा सुमारे ४.३ प्रतीचा आहे. सहा दिसले याचा अर्थ एवढाच की ४.३ प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, आणि हे उपनगरातल्या गच्चीवरूनही जमतं. त्यापेक्षा पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन घ्या. चार कोपरे सोडून त्याच्या आत किती तारे दिसतात ते मोजा. आतला सर्वांत ठळक तारा ४.४ प्रतीचा आहे, म्हणून आत एकही दिसत नसेल तर तुमची मर्यादा त्याच्याही अलीकडे आहे. दोन-तीन दिसले तर ४.६ च्या आसपास. त्यापुढे मोजदाद वाढत गेली तर आकाशाला मान द्यायला हरकत नाही. मात्र चौकोन डोक्याच्या जवळ आल्यावरच मोजा. क्षितिजाशी असताना जाड हवेतून बघावं लागतं आणि मोजणी खोटी ठरते.

आकाश किती उजळ हे मोजणाऱ्या छोट्या यंत्राला एसक्यूएम म्हणतात. त्याचा आकडा आकाशाच्या एका चौरस विकलेत (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) किती प्रतीचा उजेड आहे ते सांगतो. चंद्र नसलेलं नैसर्गिक आकाश सुमारे २२, आणि शहराच्या मध्यात १८ किंवा त्याहून कमी. आकडा मोठा म्हणजे अंधार जास्त, हे उलटं गणित पहिल्यांदा सगळ्यांना चकवतं. एका आकड्याचा फरक अडीच पटीचा असतो, म्हणजे १८ चं आकाश २२ च्या आकाशापेक्षा सुमारे चाळीस पट उजळ. यंत्र डोक्यावर सरळ धरायचं, जवळ दिवा किंवा झाड नको, चंद्र मावळलेला हवा आणि सूर्य क्षितिजाखाली किमान १८ अंश. दिव्याच्या खांबाजवळ उभं राहून घेतलेलं माप जागेचं असतं, आकाशाचं नव्हे. हाच घोळ यंत्र हातात असतानाही होतो.

नकाशावरही तोच. प्रकाशप्रदूषणाच्या नकाशांत सहसा दोन थर असतात आणि लोक हमखास चुकीचा उघडतात. एक थर उपग्रहाचा: जमिनीच्या त्या तुकड्यातून वर किती उजेड जातो ते दाखवतो. तिथे काळा चौकोन सापडला की "सापडली जागा!" म्हणून गाड्या निघतात. पण तो थर फक्त एवढंच सांगतो की त्या चौकोनात दिवे नाहीत, म्हणजे जागा अंधारी आहे. शेजारच्या शहराचा उजेड त्या चौकोनावरच्या हवेत किती पसरला, याबद्दल तो गप्प असतो. दुसरा थर आकाशाच्या उजेडाचा, आजूबाजूच्या सगळ्या दिव्यांचं विखुरणं हिशोबात धरून काढलेला. आपल्याला हवा तो हाच. त्यातला सर्वांत परिचित नकाशा फाबिओ फाल्की आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त माणसांना घराजवळून आकाशगंगा दिसत नाही, हा बऱ्याचदा ऐकू येणारा आकडा तिथलाच. मात्र हा नकाशाही डोक्यावरच्या आकाशाचाच आकडा देतो, क्षितिजाचा नाही. आणि २०१६ नंतर दिवे वाढलेत. नागरिकांनी नोंदवलेल्या ताऱ्यांच्या मोजणीवर आधारलेल्या २०२३ च्या एका अभ्यासात आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचं दिसलं. हा वेग टिकला तर आठ वर्षांत उजेड दुप्पट. उपग्रहाला ही वाढ पूर्ण दिसत नाही, कारण त्याचा संवेदक ५०० नॅनोमीटरच्या खालचा निळा उजेड पकडत नाही आणि पांढऱ्या एलईडीत नेमका तोच भरपूर असतो.

निळ्याचा मुद्दा थोडा उलगडायला हवा. हवेचे रेणू कमी तरंगलांबीचा उजेड कितीतरी जास्त विखुरतात. ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड जुन्या सोडियम दिव्याच्या ५८९ नॅनोमीटरच्या पिवळ्यापेक्षा जवळपास तिप्पट विखुरतो. म्हणून "एलईडी लावले, वीज वाचली, प्रदूषण कमी झालं" हे वाक्य ऐकलं की डोकं धरावंसं वाटतं. वीज वाचली, हे खरं. पण ४००० केल्विनचा (केल्विन म्हणजे दिव्याच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर) पांढरा दिवा जागेला जितका त्रास देतो त्याहून जास्त आकाशाला देतो. त्याऐवजी २२०० ते ३००० केल्विनचा, क्षितिजाच्या वर अजिबात उजेड न टाकणाऱ्या टोपीचा, हवा तेवढाच तेजस्वी आणि मध्यरात्रीनंतर मंद होणारा दिवा हवा. यात टोपीचं महत्त्व सर्वांत जास्त, कारण क्षितिजाच्या जरासा वर, आडवा निघालेला उजेड हवेतून लांबवर जातो आणि वाटभर विखुरतो. सरळ वर गेलेला त्यामानाने लवकर निसटतो.

मग चांगल्या आकाशाखालीही अडचण असेल तर? तिथे उलटं होतं. आकाश अंधारं, पण कोपऱ्यावर एक अंगणदिवा. लोक "इथलं आकाश खराब आहे" म्हणून परततात. आकाश उत्तम असतं, जागा खराब असते, आणि ती दहा पावलांत सुधारते. घराच्या दुसऱ्या बाजूला जा, गाडी आडवी लावा, कापड घ्या. टेकडीचं शिखर आणि खालची दरी यांची तुलनाही याच चष्म्यातून करा. शिखरावरून दूरच्या शहराचे दिवे सरळ डोळ्यांत येतात, दरीत येत नाहीत. पण दोन्हीकडच्या डोक्यावरच्या आकाशात मात्र फारसा फरक नसतो. असलाच तर पातळ, स्वच्छ हवेमुळे शिखर थोडं सरस.

काय बघायचं त्यावरही कोणता अंधार हवा ते ठरतं. चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांना अंधारं आकाश फारसं लागत नाही. तारा बिंदू असतो. दुर्बिणीतून वर्धन वाढवलं की आकाशाची पार्श्वभूमी काळवंडते आणि तारा बिंदूच राहतो. देवयानी दीर्घिका ३.४ प्रतीची, म्हणजे कागदावर एखाद्या साध्या ताऱ्याइतकी. पण तो उजेड तीन अंश लांब पट्ट्यावर पसरलेला असतो. स्कायग्लो त्यात मिसळला की शहरात ३.४ प्रतीचा तारा दिसतो आणि दीर्घिका विरते. मोठी दुर्बीण दीर्घिकेचा उजेड वाढवते, तितकाच आकाशाचाही. फिल्टरबद्दल जाता जाता: ऑक्सिजनच्या रेषेचा, म्हणजे ऑक्सिजनच्या ठरावीक रंगाचाच उजेड जाऊ देणारा फिल्टर काही तेजोमेघांना उपकारक आहे, दीर्घिकांना नाही, कारण त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो. सोडियम दिवे अडवणारे जुने फिल्टर पांढऱ्या एलईडीपुढे निकामी आहेत. आणि कॅमेऱ्यातला आकाशगंगेचा फोटो म्हणजे अंधाऱ्या आकाशाचा पुरावा नव्हे. वीस सेकंदांच्या अनेक चित्रांची बेरीज करून, पार्श्वभूमी वजा करून, उजळ आकाशातूनही ती बाहेर काढता येते.

जागा निवडताना शहर कोणत्या बाजूला आहे ते आधी बघा. धनु आणि वृश्चिकेतली आकाशगंगा बघायची तर उत्तर गोलार्धात शहर उत्तरेला आणि आपण त्याच्या दक्षिणेला, म्हणजे उजेडाचा घुमट पाठीशी राहतो. तिथे पोचल्यावर फक्त जागेची शिस्त उरते: गाडीचे आपोआप लागणारे दिवे आधीच बंद, मोबाईल खिशात, लाल टॉर्च अगदी मंद. पांढऱ्या टॉर्चवर लाल कागद बांधला तर कडेने पांढरा उजेड गळतो, म्हणून टोकापर्यंत काळी चिकटपट्टी लावा. टॉर्च वापरल्यावर मघाचा सर्वांत अंधूक तारा पुन्हा लगेच सापडला नाही, तर टॉर्चचा उजेड अजूनही जास्त आहे.