सुलभ विसरण की सक्रिय परिवहन?

पेशीपटलात प्रथिन दिसलं की 'हे सक्रिय परिवहन' असं लिहून मोकळे होणारे विद्यार्थी खूप असतात. पण सक्रिय परिवहन म्हणजे ऊर्जा खर्चून केलेली वाहतूक, आणि प्रथिन तर ऊर्जा न लागणाऱ्या सुलभ विसरणातही असतं. ग्लुकोजचा रेणू वाहक प्रथिनाला चिकटतो, प्रथिन आकार बदलतं आणि रेणू पलीकडे सुटतो. सगळे वाहक गुंतले की वेग वाढायचा थांबतो, हेही दोन्हींत सारखंच. म्हणून पदार्थ कुठल्या दिशेला चाललाय ते आधी बघा. जास्त संहतीकडून (जिथे पदार्थ दाट आहे तिथून) कमी संहतीकडे, म्हणजे उताराने, चालला असेल तर ऊर्जा लागत नाही. चढावर न्यायचा असेल तर लागते.

लहान आतड्याच्या अस्तरात हे दोन्ही एकाच पेशीत घडतं, म्हणून मला हे उदाहरण फार आवडतं. हे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर, अभिस्तर ऊती. शेजारच्या पेशी वरच्या, म्हणजे आतड्याच्या पोकळीकडच्या, कडेला घट्ट सांध्यांनी जखडलेल्या असतात. त्यामुळे वरच्या पटलातली प्रथिनं खाली सरकत नाहीत आणि पेशीच्या दोन बाजू कायम वेगळ्या राहतात.

वरच्या बाजूचं एसजीएलटी-1 हे प्रथिन 2 सोडियम आयनांबरोबर ग्लुकोजचा 1 रेणू आत घेतं. आत ग्लुकोज आधीच जास्त असलं तरीही! इथे एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) थेट खर्च होत नाही आणि नेमकी इथेच गफलत होते. सोडियम उताराने आत येतो, त्याच्या जोरावर ग्लुकोज चढ चढतं. हा उतार टिकवतो तो बाजूच्या आणि तळच्या पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप: एका एटीपीमागे 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. येन्स स्काऊ यांनी 1957 मध्ये त्याचा शोध मांडला, 1997 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एटीपीचा खर्च असा आडून होतो, म्हणून एसजीएलटी-1 चं काम दुय्यम सक्रिय परिवहन.

पेशीत साठलेलं ग्लुकोज तळच्या ग्लुट-2 या वाहक प्रथिनातून रक्ताकडे जातं, ते मात्र सुलभ विसरण. ग्लुट-2 स्वतः दिशा ठरवत नाही. यकृतात जेवणानंतर त्यातूनच ग्लुकोज आत जातं, उपाशीपोटी बाहेर येतं.

कॉलऱ्यात आतड्यातून पाणी आणि क्षार भराभर वाहून जातात, पण एसजीएलटी-1 चालूच राहतं. ओआरएसमध्ये मिठाबरोबर ग्लुकोज असतं ते यासाठीच: त्याच्या सोबतीने सोडियम आत शिरतो आणि सोडियमच्या मागोमाग पाणी.