कंपाइल झालं म्हणजे पोर्ट झालं?

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं ऑफिस असो की राजारामपुरीतला कॉम्प्युटर क्लास, कोल्हापुरात एक समज घट्ट बसलाय: युनिक्सवरचा (लिनक्स ज्या घराण्यातली, ती ऑपरेटिंग सिस्टिम) सी भाषेतला प्रोग्रॅम विंडोजवर नेताना, म्हणजे पोर्ट करताना, एकही एरर न देता कंपाइल झाला, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात आला, की काम फत्ते, सुरक्षितता आपोआप सोबत येते. हे साफ चूक आहे.

युनिक्सवर पासवर्डच्या फाइलला ६०० परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) दिली की दुसऱ्या साध्या युजरला ती वाचता येत नाही. विंडोजच्या सी लायब्ररीतलं 'सीएचमॉड' (ही परवानगी बदलणारं फंक्शन) मात्र फक्त 'रीड-ओन्ली' चालू-बंद करतं. वर एररही देत नाही, हे जास्त घातक. फाइल कोण वाचणार हे तिथे एसीएल, म्हणजे कुणाला काय करता येईल याची यादी, ठरवते. फोल्डरची एसीएल सैल असेल, तर पगाराच्या डेटाबेसचा पासवर्ड त्याच मशीनवरच्या कुठल्याही लॉगिनला दिसतो.

दुसरी गोष्ट नावांची. युनिक्स लहान-मोठी अक्षरं वेगळी मानतं, विंडोज सहसा मानत नाही. २०१४ मध्ये गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नेमकी इथेच त्रुटी सापडली. 'डॉट-गिट' हे स्वतःच्या फोल्डरचं नाव बाहेरून आलं की गिट नाकारायचं, पण तेच कॅपिटल अक्षरांत आलं की विंडोज आणि मॅकवर तपासणीतून निसटायचं, कॉन्फिग फाइल बदलायची आणि हल्लेखोराची कमांड चालायची. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर तोच कोड सुरक्षित होता.

शिवाय ६४-बिट लिनक्सवर 'लाँग' हा पूर्णांकाचा प्रकार ६४ बिटांचा, विंडोजवर ३२चाच. त्यातून बफरची (डेटा ठेवायच्या मेमरीतल्या जागेची) लांबी चुकू शकते.

पोर्ट केल्यावर दुसऱ्या साध्या लॉगिनने ती पासवर्डची फाइल उघडून बघाच. उघडली, तर एसीएल कोडमधूनच लावा, ग्राहकाच्या सेटिंगवर सोडू नका.